आवडीचं पान

वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता, म्हणून आम्ही पाचसहा जणी बेळगावात कॅम्पातल्या एका कॅफेत गेलो होतो. तिथं दारू मिळत नाही, पण दारूची नावं दिलेली सरबतं मिळतात. उंच ग्लास, पुदिना, भरपूर बर्फ, कडेला लिंबाची चकती. ती पिता पिता कुणाला काय आवडतं याच्या गप्पा निघाल्या. एकीनं गोव्यात मावसबहिणीबरोबर व्होडका चाखली होती, संत्र्याच्या रसातून, आणि तिला ती आवडली होती. एकीचे वडील जेवणाआधी व्हिस्की घेतात, साध्या पाण्यातूनच, सोडा टाकलेला त्यांना खपत नाही, असं तिनं कौतुकानं सांगितलं. तिसरी म्हणाली, माणसाच्या ग्लासावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो. आणि मग सहज माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुझ्या घरी कोण घेतं? काय आवडतं त्यांना?"

मी म्हटलं, "आमच्यात आता कुणी घेत नाही."

तिला त्यातला 'आता' ऐकू गेला नसावा. गप्पा पुढं सरकल्या. मी मात्र तिथंच राहिले, कारण त्या आठवड्यात हाच प्रश्न घरीही चालू होता, आणि त्याचं उत्तर मलाच द्यायचं होतं.

बाबा जाऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि त्यांचा पहिला म्हाळ आला होता. आमचं गाव हिंडलग्याच्या पुढं, भाताचं आणि रताळ्याचं. पितृपंधरवड्यात गावात घरोघरी म्हाळ असतात. दुपारी खीर, वडे, आमटी, भाज्या यांचं पान सगळ्यांकडेच असतं. आमच्या घराण्यात त्याशिवाय दिवस मावळताना मागच्या दारी दुसरं एक पान वाढतात. त्याला आवडीचं पान म्हणतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्यावर ठेवायचं. आजीच्या पानावर मिश्रीची डबी आणि गोडमिट्ट चहा असायचा. आजोबांच्या पानावर सुकं मटण आणि गावठी दारूचा पेला. हे पान घरच्या बाईनं वाढायचं, म्हणजे बाबांचं पान आईनं.

थोरले चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते निपाणीला असतात. तंबाखूच्या वखारीत त्यांचं आयुष्य गेलं. म्हाळाच्या आधी त्यांचा फोन आला. आईचे हात पिठात होते म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून तिच्याजवळ धरला.

"तुझ्या आईला सांग," आप्पा म्हणाले, "मटणाचं मी बघतो. बाटली तेवढी तुमी आणून ठेवा. त्याच्या आवडीची आणा. कायतरी आणू नका."

आई कणीक मळता मळता म्हणाली, "आप्पांना सांग, ह्या घरात बाटली यायची न्हाय."

"ऐकलं मी. तिला सांग, ती माझ्यासाठी न्हाय. त्याच्यासाठी हाय."

"सांग त्यांना, त्यांच्यासाठी म्हणूनच न्हाय."

मी मधे फोन धरून उभी होते. मला एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही, तरी दमायला झालं.

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बायका समोरासमोर बोलत नाहीत. आई लग्न होऊन आली तेव्हापासून आप्पांशी थेट बोललेली नाही. आप्पा बाहेरच्या सोप्यात बसतात, ती आतल्या दाराशी पदर घेऊन उभी राहते, आणि मधल्या माणसाला म्हणते, "त्यांना विचार, भात वाढू का." आप्पाही "तिला सांग, थोडा वाढ" असं म्हणतात. आधी हे काम बाबा करायचे. ते गेल्यावर माझ्याकडे आलं. दोघंही एकमेकांचं सगळं ऐकत असतात, तरी माझ्याकडे बघूनच बोलतात.

आप्पांना भीती होती, हे सांगायला हवं, नाहीतर ते नुसते हट्टी वाटतील. खूप मागं एका वर्षी त्यांनी आजोबांच्या पानावर गावठीऐवजी इंग्लिश दारू ठेवली होती. बापाला चांगलं काहीतरी द्यावं अशी त्यांची इच्छा. त्याच वर्षी वखारीच्या पायरीवरून पाय घसरून त्यांचं हाड मोडलं. "बानं ढकललं मला," असं ते आजही सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत. पान चुकलं तर गेलेला माणूस उपाशी फिरतो, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यात बाबा त्यांचे धाकटे भाऊ. त्यांच्या आधी गेलेले.

फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "तू शिकल्याली हाईस. तूच सांग, काय करायचं."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळं बँकेत काय लिहायचं, दवाखान्यात डॉक्टर कन्नडात काय म्हणाले, कुठल्या औषधाची गोळी अर्धी घ्यायची, हे सगळं मीच सांगते. बीएच्या दुसऱ्या वर्षात यातलं काहीच शिकवत नाहीत, पण ते आईला कसं समजावणार. म्हाळाचं पानही आता माझ्याच अभ्यासक्रमात आलं.

मी विचार केला, आधी बाबांना काय आवडायचं ते तरी नक्की ठरवावं. मग आणायचं की नाही ते बघू. इथंच मी अडखळले.

कारण बाबांना आवडनिवड होती, आणि पुष्कळ होती. ते बेळगावची भाजी गोव्याला नेणारा टेम्पो चालवायचे. संध्याकाळी मार्केट यार्डात कोबी, फ्लॉवर, मिरची भरायची, चोर्ला घाट उतरायचा, पहाटे माल टाकायचा आणि दुपारपर्यंत परत, एक दिवसाआड. पावसात घाटात दरड आली की लोंढ्याकडून वळसा घ्यायचा. गाडीवर असताना ते थेंबही घेत नसत. टेम्पो दारात लावायचा, आंघोळ करायची, स्वच्छ बनियन घालायचा, आणि मग मागच्या पडवीत बसायचं. एकच ग्लास. पावसाळ्यात रम, कोमट पाण्यातून. थंड पाण्यातून रम म्हणजे त्यांच्या मते रमचा अपमान. बिअर म्हणजे पोट फुगवून घ्यायचा उद्योग. ब्रँडी म्हणजे औषध, ती आजाऱ्यानं घ्यावी आणि पांघरूण घेऊन झोपावं. व्हिस्कीबद्दल ते म्हणायचे, "भिजल्याल्या दाराला जीभ लावल्यागत लागतंय." मला हे वाक्य लहानपणी फार आवडायचं. मी एकदा पावसात भिजलेल्या आमच्या दाराला जीभ लावूनही बघितली होती.

आमच्याकडचे ड्रायव्हर लोक दारूबद्दल जे बोलतात ते दुसरीकडे कुणी बोलत असेल असं वाटत नाही. तीन राज्यं तासादोनतासाच्या अंतरावर. तीच कंपनी, तेच लेबल, पण गोव्याची बाटली वेगळी, कर्नाटकाची वेगळी, महाराष्ट्राची वेगळी, यावर त्यांचे तासन् तास वाद चालत. बाबांचे दोन मित्र पडवीत यायचे. एकदा त्यांनी आतून ग्लासात रम ओतून आणली आणि म्हणाले, ओळख. बाबांनी वास घेतला, घोट घेतला, थोडा वेळ तोंडात ठेवला.

"ही गोव्याची न्हाय."

"मग?"

"आपल्यातलीबी न्हाय. ही कोगनोळीच्या पलीकडची." म्हणजे निपाणी ओलांडून, महाराष्ट्रातली.

मित्र एकमेकांकडे बघत राहिले. एकजण म्हणाला, "तू डायव्हर हाईस का इन्स्पेक्टर, मर्दा?"

"इन्स्पेक्टर असतो तर फुकट प्यालो असतो की," बाबा म्हणाले. आत आई हसलेली मी ऐकली होती.

मग टेम्पोमालकानं टेम्पो विकला. भाजीचा धंदा मोठ्या गाड्यांकडे गेला, आणि मोठ्या गाड्यांना तरुण ड्रायव्हर हवे होते. बाबांना एका सिमेंटच्या गोडाऊनवर वॉचमनचं काम मिळालं. गोवा सुटला. तिथल्या लोकांबरोबर त्यांनी पाकीट घ्यायला सुरुवात केली. कर्नाटकात दारू लहान मुलांच्या ज्यूससारख्या कागदी पाकिटातही मिळते. कोपरा दातानं फाडायचा आणि तोंडात ओतायची. बहुतेक व्हिस्की असायची, म्हणजे नावाला. ग्लास लागत नाही, पाणी लागत नाही, बसायलाही लागत नाही. शर्टाच्या खिशात मावते.

मी कधी चव घेतलेली नाही, पण वास मला सगळे कळतात. रमचा गुळासारखा. पाकिटाचा वास वेगळा, आंबूस, त्यात घामाचा आणि शेंगदाण्यांचा. बाबा दारातून आत यायच्या आधी मला तो कळायचा आणि मी पुस्तक मिटून आत जायचे. भांडण, मारहाण असं काही आमच्या घरात झालं नाही. बाबा नुसते बसून राहायचे. आईनं विचारलं, भाजी कसली करू, तर म्हणायचे, "कायबी कर. चालतंय." ज्या माणसाला वांग्यात शेंगदाण्याचं कूट जास्त झालेलं चालत नसे, तो आता "चालतंय" एवढंच म्हणायचा. शिळं चालायचं, गार चालायचं. एकदा आमटीत मीठच पडलं नव्हतं. मी पहिल्या घासाला थांबले. बाबा संपवून उठले.

शेवटी बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी कन्नडात विचारलं होतं, काय पितात? मी सांगितलं, "मिळेल ते." त्यांनी ते लिहून घेतलं.

तेव्हा आता आवडीचं म्हणून काय आणायचं, याचं उत्तर मला येईना. एवढं आठवत होतं की गोव्याहून ते उन्हाळ्यात काहीतरी आणायचे, काजूचं, आणि ते घेतलं की त्या संध्याकाळी ते गाणं गुणगुणायचे. ती फेणी असणार असं मी धरलं.

कॅफेतून निघाल्यावर मी मैत्रिणींना बसस्टँडला जाते म्हणून सांगितलं आणि वाटेतल्या वाईन शॉपसमोर जाऊन उभी राहिले. दुपारचे चार वाजले असतील. काउंटरला लोखंडी जाळी होती, तिला एक चौकोनी खिडकी, आणि खिडकीपुढं माणसं. मी दिसल्यावर ती बाजूला झाली, आदरानं म्हणावं की काय म्हणावं कळेना. मला उलट ती तशीच उभी राहायला हवी होती. बाजूला झाल्यामुळं मी सगळ्या रस्त्याला दिसत होते.

आतला माणूस म्हणाला, "एनु बेकु, अक्का?" मग माझ्या तोंडाकडे बघून मराठीत आला. "काय पायजे?"

"फेणी आहे का?"

"फेणी हितं मिळत न्हाय. गोव्यालाच. व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन, वोडका. काय देऊ?"

मी जाळीतून आतल्या बाटल्यांकडे बघत राहिले. मागून एक वयस्कर माणूस समजुतीनं म्हणाला, "कुणाला न्यायची हाय, बाळ? पप्पांना?"

"व्हय."

"मग त्यांनाच फोन लावून इचार की, कंची आवडती."

मी म्हटलं, "त्यांना कुठलीही चालायची."

"मग अवघड काय हाय? पाकीट घिऊन जा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आतल्या माणसानं एक पाकीट काढून जाळीच्या खिडकीत ठेवलंही. निळं होतं. आमच्या घरामागच्या खड्ड्यात तसलीच निळी पाकिटं आईनं कितीतरी जाळली होती.

मी "नको" म्हटलं आणि निघाले. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. बरं वाटायला हवं होतं, पण एवढी दमले होते की डोकं गजाला टेकवून मी गाव येईपर्यंत तशीच बसले. बाबा शेवटी शेवटी गोडाऊनवरून येऊन भिंतीला डोकं टेकवून बसायचे, ते मला कळल्यासारखं झालं. की तसं मला आत्ता लिहिताना वाटतंय, सांगता येत नाही.

घरी आई परसात रताळी धूत होती. मी तिच्याजवळ बसले आणि दुकानात गेले होते ते सांगून टाकलं. मला वाटलं ती चिडेल. ती रताळ्याची माती अंगठ्यानं काढत राहिली.

"काय मागिटलीस?"

"फेणी."

"फेणी न्हाय," ती म्हणाली. "फेणीनं त्यांचं डोस्कं दुखायचं. उराक."

उराक म्हणजे काजूच्या बोंडाच्या रसाची, एकदाच गाळलेली, हलकी. फेणी पुन्हा गाळलेली, कडक. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईला होतं.

"ती बी उन्हाळ्यातच मिळती. चैत-वैशाखात. आता भादव्यात गोव्यातबी कुणी द्यायचं न्हाय."

"तुला काय माहीत एवढं?"

"माझ्याच हातची लागायची त्यांना."

मग तिनं सांगितलं, माझ्याकडे न बघता, रताळी एकीकडून दुसरीकडे टाकत. तांब्यात लिंबू पिळायचं. मीठ घालायचं, जाडं मीठ, बारीक नाही. हिरवी मिरची उभी चिरून टाकायची, पण बिया हलवायच्या नाहीत. गावातल्या दुकानातली सोड्याची बाटली वरून ओतायची, आणि शेवटी उराक. आधी उराक ओतली तर मीठ नीट विरघळत नाही, असं बाबांचं म्हणणं. मी तेव्हा लहान, शेजारी खेळायला गेलेली असायचे.

"आणि मलाबी द्यायचे घोटभर," ती म्हणाली.

मी एक रताळं उचलून घासायला घेतलं.

"चांगली लागायची. घशाखाली जाताना मिरची लागायची आन मग गार. मला आवडायची." तिनं हात धुतले. "दारूचा मला राग न्हवता बाई कधी. ते पाकीट आलं आन ह्यांना काय आवडंनासं झालं. पाकीटबी आवडत न्हवतं. नुसतं लागायचं. मीबी केल्यालं आवडंना, तूबी समोर आल्याली आवडंना. आप्पा म्हणत्यात आवडीचं ठेवा. शेवटच्या चार-पाच वर्षांत काय आवडत हुतं ते सांगू देत मला कुणीतरी."

मी धुतलेली रताळी टोपलीत भरली.

"लिंबू, मीठ, मिरची, सोडा ठेवू," ती म्हणाली. "तेवढं माझं हुतं. बाकीचं गोव्याचं."

"आप्पांना चालंल?"

"न्हाय चालायचं."

म्हाळाच्या दिवशी दुपारचं पान नीट झालं. भाऊबंदांतली चार माणसं जेवून गेली. आप्पा सोप्यात आडवे झाले. ऊन उतरल्यावर ते मागच्या दारी आले, पाट मांडला, आणि आपली कापडी पिशवी उघडून टॉवेलात गुंडाळलेली बाटली बाहेर काढली. ती त्यांनी दोन्ही हातांनी पाटाशेजारी ठेवली.

"तुझ्या आईला सांग, मीच आणली. म्हटलं तिला तरास नको."

आई दारात पदर घेऊन उभी होती. "आप्पांना इचार, कसली हाय."

"व्हिस्की. चांगल्यातली हाय सांग तिला. असली मी सोता बी कधी घेतली न्हाय."

आईनं पान वाढलं. मटण, भाकरी, भात, कांदा. आणि उजव्या बाजूला स्टीलचा पेला ठेवला. त्यात मिरचीचा हिरवा तुकडा तरंगत होता आणि बुडबुडे वर येत होते. आप्पांनी वाकून बघितलं.

"ह्ये काय?"

"लिंबू सोडा," मी म्हटलं.

"लिंबू सोडा? त्यो काय शाळंच्या ट्रिपला चाललाय?"

मला हसू आलं आणि ते मी दाबलं. आप्पांना विनोद करायचा नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते बाटलीच्या टोपणाला हात घालत म्हणाले, "तिला सांग, त्यातच वततो थोडी. पान अपुरं ऱ्हायलं तर त्यो कुठं जाईल? मला रातचं झोप लागायची न्हाय."

आई दारातून बाहेर आली. पाटाच्या पलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, ती तुमाला आवडती. त्यांना आवडत न्हवती."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. सवयीनं. मी ते पुन्हा सांगेन म्हणून ते थांबले होते. मी काही सांगितलं नाही. जरा वेळानं त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं, आणि लगेच खाली पानाकडे.

"माझ्यासंगं पीत हुता की त्यो. दर दिवाळीला."

"तुमी वतायचासा म्हणून. थोरल्याला न्हाय कसं म्हणायचं?" आईचा आवाज शांत होता. थकलेला होता, पण चढा नव्हता. "तुमी बस धरायला गेलासा की चूळ भरायचे. म्हणायचे, दादाची व्हिस्की आन भिजल्यालं दार."

कोंबड्या पाटाकडे यायला लागल्या तशी मी त्यांना हाकलत राहिले, हातांना काहीतरी काम म्हणून.

"एक टोपण तरी," शेवटी आप्पा म्हणाले. "एक टोपण."

"न्हाय, भावजी," आई म्हणाली. "आजपातूर तुमाला कशाला न्हाय म्हटलं न्हाय. हे न्हाय."

आप्पांनी टोपणावरचा हात काढला. बाटली उघडलीच नव्हती. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळली, टॉवेल दोनदा सुटला, तिसऱ्यांदा नीट बसला. मग त्यांनी पानाला हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी भावाशी बोलले. ते मला ऐकू आलं नाही. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत गेली.

त्यांना स्टॉपवर सोडायला मी गेले. बेळगावला जाऊन त्यांना निपाणीची गाडी धरायची होती. रस्त्यावर अजून उजेड होता. भातखाचरांवरून गार वारा येत होता आणि आप्पा पिशवी छातीशी धरून चालत होते, बाटली वाजू नये म्हणून असेल.

"मग काय आवडायचं त्याला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पावसात रम, कोमट पाण्यातून. उन्हाळ्यात उराक. तीन राज्यांच्या बाटल्या ओळखायचे तेही सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, परक्या माणसाबद्दल ऐकावं तसं.

"मला कवा बोलला न्हाय."

"तुम्ही विचारलं नसेल, आप्पा." हे माझ्या तोंडून निघून गेलं. मला ते तोडल्यासारखं वाटलं म्हणून मी पुढं काही जोडायला गेले, पण ते आधीच मान हलवत होते.

"न्हाय इचारलं," ते म्हणाले. "धाकट्याला कोण इचारतंय? मी वतायचो, त्यो प्यायचा. मला वाटायचं, गोडीनं बसलाय."

"गोडीनंच बसायचे," मी म्हटलं. हे खरं होतं की नाही, मला माहीत नाही. दिवाळीत आप्पा यायचे तेव्हा बाबा सकाळीच पडवी झाडून ठेवायचे, एवढं खरं होतं, ते मी त्यांना सांगितलं.

बस आली. आप्पांना पायरी उंच पडली, मी कोपराला धरलं. आत गेल्यावर त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हो हो केलं.

घरी आले तेव्हा आई मागच्या दारी होती. पान तिनं गाईला घातलं होतं. पेला रिकामा होता. त्यातलं तिनं ओतून दिलं की ती प्याली, मी विचारलं नाही. ती तो राखेनं घासत होती.

"गेले?"

"गेले."

"बाटली?"

"घेऊन गेले."

तिनं पेला विसळला, पालथा घातला, आणि कमरेला हात लावून सावकाश उठली. तिला उठताना त्रास होतो हे मी अलीकडेच बघायला लागले होते.

"पुढल्या वर्षी फोन आला की माझ्याच हातात दे," ती म्हणाली. "त्यांना मीच सांगीन, मोकळ्या हातानं या म्हणून. कवापातूर मधी उभी ऱ्हाणार तू."